निरोपाविना सुटलेली पहिली नोकरी

परवा एक तरुण माझ्या ऑफिसात आला. आपल्याच समाजातला, शिकलेला, पहिलीच नोकरी. राजीनामा देऊन बाहेर पडला होता. नोटीस पिरियडचे पैसे कापता येतात का, अनुभवाचा दाखला अडवून ठेवता येतो का, असे त्याचे साधे प्रश्न होते. मी उत्तरे दिली. दाखल्यासाठी नोटीस पाठवू म्हणालो. उठता उठता त्याने सहज सांगितले की, त्याच आठवड्यात त्याच्या विभागातला दुसरा एक मुलगाही नोकरी सोडून गेला. त्याच्यासाठी केक आला, भेटवस्तू आली, साहेबांनी चार शब्द सांगितले, फोटो निघाले. याच्या शेवटच्या दिवशी याच्या टेबलाकडे कोणी फिरकले नाही. कॉम्प्युटर बंद केला, ओळखपत्र जमा केले आणि जिना उतरून रस्त्यावर आला. याविरुद्ध कायद्यात काही आहे का, हे त्याने विचारले नाही. नाही हे त्यालाही ठाऊक होते.

तो गेल्यावर मला बडोदा आठवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली नोकरी बडोदा संस्थानातली. ती दोन तुकड्यांत झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या उपकाराची जाण ठेवून, वडिलांच्या मनात फारसे नसतानाही, जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. पण रामजीबाबा आजारी पडल्याची तार आली आणि त्यांना निघावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. पहिला तुकडा असा संपला.

दुसऱ्या तुकड्याची सुरुवात एका कराराने होते. ४ जून १९१३ रोजी तरुण भीमरावांनी बडोदा सरकारशी करार केला. परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थान करील, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. पुढची हकीकत आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१५ मध्ये एम. ए., १९१६ मध्ये पीएच. डी.चा प्रबंध सादर, मग लंडन. तेथे शिक्षण अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धाच्या त्या दिवसांत ती बोट बुडाली आणि पुस्तकेही बुडाली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही रमाईच्या हाती घरखर्चाला दिले आणि उरलेल्यांत ते बडोद्याला गेले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशाने नोकरीवर जाणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

मी वकील आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. बडोद्याविषयी दोन प्रकारचा पुरावा आहे. चरित्रकारांनी लिहिलेला एक आणि खुद्द बाबासाहेबांच्या हातचा दुसरा. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या बाराव्या खंडात त्या आल्या. व्हिसाच्या प्रतीक्षेत या अर्थाचे नाव असलेल्या त्या लिखाणातला बडोद्याचा भाग ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा.

शिपाई फाईली हातात न देता टेबलावर दुरून फेकत, साहेब जायला उठले की सतरंजी गुंडाळून घेत, ऑफिसात त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, हा तपशील धनंजय कीरांसारख्या चरित्रकारांनी दिला आहे. बाबासाहेबांनी स्वतः मात्र ऑफिसातल्या सहकाऱ्यांवर जवळजवळ शाईच खर्च केलेली नाही. अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारी करीत होतो, एवढे सांगून ते पुढे जातात. त्यांनी लिहिले ते राहत्या जागेबद्दल.

चार वर्षे अमेरिका-इंग्लंडात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो, जायचे कोठे. हिंदूंच्या खाणावळी म्हणजे तिथल्या विशी, तिथे जात लपवल्याशिवाय प्रवेश नाही, आणि लपवणे उघडकीस आले तर काय होईल हेही माहीत. परदेशात ओळख झालेले मित्र होते, पण ते दारात उभे करतील याची खात्री नव्हती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. राखणदार म्हातारा पारशी होता. अंगावर सदरा-कस्ती नाही हे पाहून त्याने अडवले. मग तडजोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचे, रोजचा दीड रुपया द्यायचा आणि वरच्या मजल्यावर राहायचे. त्या म्हाताऱ्याकडे दुसरे गिऱ्हाईक नव्हते. चार पैसे मिळण्याची संधी त्यालाही सोडवली नाही.

वर एक लहानशी खोली. बाकीचा मोठा हॉल फळ्या, बाकडी आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेला. वीज नाही, एक कंदील. हॉलमध्ये वटवाघळांची वस्ती. बोलायला माणूस नाही म्हणून कोलंबियाचा हा पदवीधर पुस्तकात डोके घालून बसे आणि वटवाघळांच्या फडफडीने पुन्हा भानावर येई. बहिणीचा मुलगा राहिलेले सामान घेऊन मुंबईहून आला. मामाची ती अवस्था पाहून तो एवढ्या मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. मी रोज कोर्टात आणि मंत्रालयात असे अर्ज पाहतो, त्यामुळे ही ओळ वाचताना मला काही नवल वाटत नाही. वरून हुकूम चांगला सुटतो. महाराजांची नियत साफ होती, त्यांना स्टेशनवर घ्यायला जावे असा हुकूमही त्यांनी दिल्याचे सांगतात. हुकूम अडतो तो मधल्या टेबलांवर.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण उरकून, कपडे करून ते ऑफिसला निघण्याच्या बेतात होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करायची म्हणून हातात घेत होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. धर्मशाळा बाटवलीस म्हणून त्यांनी शिव्या दिल्या. बंगल्याच्या अर्जाचा निकाल लागेल या आशेने बाबासाहेबांनी आठवडाभर राहू देण्याची विनंती केली. ती फेटाळून, संध्याकाळपर्यंत जागा खाली नाही केली तर परिणाम वाईट होतील असे बजावून ते गेले. त्या दिवशी बाबासाहेब घरासाठी दारोदार फिरले. एका हिंदू मित्राने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती, मूळचा ब्राह्मण. त्याने, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो असे म्हटले. बाबासाहेबांना त्या उत्तराचा अर्थ समजला. हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य, हा धडा त्यांना बडोद्याने पहिल्यांदा शिकवला.

मुंबईची गाडी रात्री नऊची. दुपारचे चार वाजले होते. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले. त्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे आपले लोक जमतात. जमलेच पाहिजे. पण तेथे भाषणे होतात ती फक्त संकल्पाची. बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे ते असे की, डोके रिकामे झाले होते, झाल्या प्रकाराचे दुःख होते, आणि संकटात सापडलेल्या लेकराला व्हावी तशी त्यांना आईवडिलांची आठवण होत होती. वय वर्षे २६. आई लहानपणीच गेलेली, वडील जाऊन साडेचार वर्षे झालेली. हे वाक्य मी व्यासपीठावरून एकदाही ऐकलेले नाही. आपल्याला आपला नेता रडवेला झालेला चालत नाही की काय, कोण जाणे.

आठ वाजता ते बागेतून निघाले, गाडी केली, धर्मशाळेवर गेले, सामान खाली आणले. म्हातारा राखणदार बाहेर आला. दोघांनाही बोलता येईना. या माणसावर ओढवलेल्या प्रसंगाला आपणही थोडे कारण झालो, असे त्या म्हाताऱ्याला वाटत असावे, असे बाबासाहेबांनी नोंदवले आहे. त्यांनी हिशेब चुकता केला. म्हाताऱ्याने मुकाट्याने पैसे घेतले. त्यांनीही मुकाट्याने त्याचा निरोप घेतला.

बडोद्यातल्या पहिल्या नोकरीचा निरोपसमारंभ तो एवढाच. ऑफिसातला एकही माणूस तेथे नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा कोणी विचारपूस केली असेल असे मानायला मला तरी जागा दिसत नाही.

करार मोडला कोणी? वकिलाला हा प्रश्न सुटत नाही. दहा वर्षांचा शब्द दिलेला माणूस अकरा दिवसांत निघाला, असे कागदावर दिसते. पण १८७२ च्या करार कायद्याचे ५३ वे कलम सांगते की, एका पक्षाने दुसऱ्याला त्याचे वचन पाळू दिले नाही, तर करारातून बाहेर पडण्याचा हक्क त्या दुसऱ्याला मिळतो. बडोदा संस्थान होते, ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे आपोआप चालत नसे. तत्त्व मात्र सरळ आहे. करारात पगार होता, मुदत होती. संस्थानच्या राजधानीत या माणसाने रात्री डोके कोठे टेकायचे, ते कोणी लिहिले नव्हते. महाराजांकडे पुन्हा दाद मागून पाहिली, तेव्हा दिवाण मनुभाई मेहता यांनी असमर्थता दाखवली. कागदावर बाबासाहेब दोषी आणि प्रत्यक्षात बेघर.

यानंतर मुंबईत शिकवण्या झाल्या, शेअरच्या धंद्यातला सल्लागार म्हणून पाटी लावून झाली. हा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, दरमहा ४५० रुपयांची. विद्यार्थी वर्ग भरून बसू लागले. तरीही काही प्राध्यापकांचा आक्षेप होताच, सर्वांच्या माठातले पाणी आंबेडकरांनी पिऊ नये म्हणून. मार्च १९२० मध्ये ती नोकरी त्यांनी आपल्या मर्जीने सोडली, अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करायला. त्या वेळी खिशात होती ती स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे पाच हजार रुपये कर्ज. त्या मित्राचे नाव नवल भथेना. कोलंबियातला सोबती, जातीने पारशी. काठ्या घेऊन आलेले डझनभर पारशी आपल्या भाषणांत हमखास येतात. नवल भथेना क्वचितच येतात आणि तो म्हातारा राखणदार तर येतच नाही. बाबासाहेब दोघांनाही विसरले नाहीत. काठीवाल्यांचे दृश्य अठरा वर्षांनंतरही डोळ्यांपुढून हलत नाही असे ज्या पानांत त्यांनी लिहिले, त्याच पानांत त्या गरीब म्हाताऱ्याचे मौनही त्यांनी तितक्याच बारकाईने लिहून ठेवले.

त्या तरुणाच्या दाखल्याची नोटीस तयार आहे. सोमवारी संध्याकाळी तो सही करायला येणार आहे. त्याने दोन वर्षे नोकरी केली, म्हणून माझ्या ऑफिसातल्या ज्युनियर मुलांनी पेढे आणायचे ठरवले आहे. त्याला अजून सांगितलेले नाही.