रशियाची सासुरवाशीण

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या भांडुपच्या घरात रशियाचं राज्य होतं. बहिणीचा मुलगा परीक्षा आटोपून राहायला आला, तो आपला कॉम्प्युटर घेऊनच. त्यात 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचा खेळ. १४४४ साली सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. आपण एक देश निवडायचा आणि वाढवायचा. याने मॉस्कोचं राज्य घेतलं होतं. मी समोर गवार मोडत बसायची आणि हा तह करायचा, लढाया करायचा, शेजाऱ्याचा मुलूख आपल्या रंगात रंगवायचा. चार दिवसांत त्याचा रंग सैबेरियाकडे सरकला होता.

त्या खेळात शाही विवाह नावाची एक सोय आहे. एक बटण दाबलं की दोन राजघराण्यांची सोयरीक. मी त्याला विचारलं, अरे, मुलगी कुठली, कोण, तिचं पुढे काय होतं? तो म्हणाला, मावशी, तसं काही दाखवत नाहीत, फक्त संबंध सुधारतात.

मला मात्र ते बटण काही सोडेना. बी.ए.ला इतिहास होता, तेव्हा कॅथरीन द ग्रेट चार ओळींत उरकली होती. या वेळी पुस्तकं मिळवून नीट वाचली. मैत्रिणींनो, अशाच एका बटणावर रशियात जाऊन पोचलेली ही मुलगी. तिचीच गोष्ट आज सांगते.

तिचं माहेरचं नाव सोफी. जन्म २ मे १७२९, श्टेटिन गावात. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील प्रशियाच्या सैन्यात सरदार, घराणं राजवंशाचं पण खिसा बेताचा. आईला मुलगा हवा होता, मुलगी झाली, आणि तो राग आईने पुढे कधी लपवला नाही. हे सोफीने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

१७४४ साली रशियाच्या एलिझाबेथ राणीचं बोलावणं आलं. राणीने लग्न केलेलं नव्हतं. बहिणीचा मुलगा पीटर तिने वारस म्हणून आणला होता, त्याच्यासाठी मुलगी पाहणं चाललं होतं. सोफी तेव्हा पंधराचीही नव्हती. आई तिला घेऊन निघाली, वडील मागेच राहिले. पुढे लग्नालाही त्यांना बोलावलं नाही. सोफीची आणि त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.

नव्या घरी गेल्यावर या मुलीने काय केलं असेल? भाषा शिकायला घेतली. रात्री उठून थंड फरशीवर अनवाणी फिरत रशियन शब्द पाठ करायची. त्यातून छातीचं दुखणं जडलं, जिवावर बेतलं. आई म्हणाली आपल्या पंथाच्या धर्मगुरूला बोलावू. मुलीने सांगितलं, नको, इथल्या रशियन गुरूला बोलवा. तापात असतानाही तिला कळत होतं की आता आपलं माणूस कोण व्हायला हवं. दरबारात ही बातमी फिरली आणि लोकांचं मन वळलं. त्याच वर्षी तिने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि नाव बदलून येकातेरिना झाली. धर्म, भाषा, नाव, सगळं सासरचं. आपल्याकडेही लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं जायचंच की.

१७४५ मध्ये लग्न झालं. त्याआधी पीटरला देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर व्रण राहिले होते. पण खरी अडचण चेहऱ्याची नव्हती. लग्न झालेला हा तरुण रात्री पलंगावर खेळण्यातले शिपाई मांडायचा. बायकोच्या खांद्यावर बंदूक देऊन तिला दाराशी पहाऱ्याला उभं करायचा. एकदा एका उंदराने त्याचे शिपाई कुरतडले, तर त्याने उंदरावर लष्करी खटला चालवून त्याला फाशी दिली. हे सगळं तिनेच लिहिलंय, आणि लिहिलं तेव्हा नवऱ्याला गादीवरून काढल्याचं समर्थन तिला करायचं होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातलं निम्मं खरं धरलं तरी संसार कसा झाला असेल ते कळतं.

नऊ वर्षं मूल नव्हतं. १७५४ मध्ये मुलगा झाला, पॉल. नाळ कापली आणि एलिझाबेथ राणी बाळाला उचलून आपल्या महालात घेऊन गेली. बाळंतीण त्याच खोलीत, दारंखिडक्यांच्या झोतात, घामाने भिजलेली, पाणी मागत पडून राहिली. तिला पाणी द्यायचीही कोणाला छाती झाली नाही. मुलाचं तोंड तिला जवळपास चाळीस दिवसांनी दिसलं. मला वाटतं, माय-लेकरात पुढे जे आयुष्यभर आलं, त्याची सुरुवात इथे आहे.

तिने मग पुस्तकांत डोकं घातलं. टॅसिटस, मोंतेस्क्यू, व्होल्तेअर. राज्य म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, हे ती कोंडल्या खोलीत बसून शिकली.

एलिझाबेथ गेली आणि १७६२ च्या जानेवारीत पीटर गादीवर आला. त्याने जिंकत आलेलं युद्ध थांबवून प्रशियाशी तह केला, सैन्याला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. बायकोला दूर करायचं त्याच्या मनात होतं. त्याच वसंतात तिला एक मूल झालं, नवऱ्याचं नव्हे, ग्रिगोरी ऑर्लोव्ह या लष्करी अधिकाऱ्याचं. प्रसूतीच्या वेळी राजाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिच्या इमानी नोकराने स्वतःच्या घराला आग लावली, कारण आग बघायला धावायची राजाला सवय होती. गोष्टीच्या पुस्तकातलं वाटावं असं आहे हे, पण चरित्रकार ते लिहितात.

९ जुलै १७६२ ला पहाटे ऑर्लोव्हच्या भावाने तिला उठवलं. ती पीटर्सबर्गला गेली, पलटणींनी तिला राणी मानलं. रक्षकदलाचा हिरवा गणवेश चढवून, घोड्यावर बसून, सैन्याच्या पुढे ती नवऱ्याला पकडायला निघाली. पीटरने सही करून गादी सोडली. आठवडाभरातच कैदेत तो मेला. पोटशूळाने गेला असं जाहीर झालं, त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. हुकूम तिचा होता असा पुरावा नाही. पण मारेकऱ्यांना तिने शिक्षा केली नाही, उलट ऑर्लोव्ह घराणं मोठं झालं.

गंमत बघा, याच काळात आपल्याकडे अहिल्याबाई होळकर होत्या. त्या १७२५ च्या, ही १७२९ ची. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, त्याच वर्षी कॅथरीनला मुलगा झाला. १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला, त्याच वर्षी कॅथरीनने नव्या कायद्यासाठी देशभरातले प्रतिनिधी मॉस्कोत बोलावले. एक १७९५ मध्ये गेल्या, दुसरी १७९६ मध्ये. बारव, घाट आणि मंदिरं बांधून नाव राखणाऱ्या बाईंशी हिची तुलना मी करत नाही. पण दोघींना एकमेकींची गाठ पडली असती तर काय बोलल्या असत्या, असं मनात येतंच.

कॅथरीनचं एक काम मात्र मला मनापासून आवडतं. १७६८ साली देवीची साथ जोरात होती. तेव्हा जेन्नरची लस आलेली नव्हती. देवीच्या रोग्याच्या फोडातला पू दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, म्हणजे सौम्य देवी येऊन माणूस वाचतो, ही जुनी पद्धत होती. त्यातही जीव जायचे. लोक घाबरत. राणीने इंग्लंडहून डॉक्टर टॉमस डिम्सडेल यांना बोलावलं आणि आधी स्वतःला टोचून घेतलं, मग मुलाला. काही बरंवाईट झालं तर डॉक्टरला पळून जाता यावं म्हणून घोडे तयार ठेवले होते म्हणतात. ज्या लहान मुलाच्या अंगातून ते द्रव्य घेतलं, त्या अलेक्झांडर मार्कोव्हला तिने सरदारकी दिली आणि देवीवरूनच नवं आडनाव दिलं. टेंभीपाड्यात पोलिओच्या डोससाठी दारोदार फिरताना, कडी लावून आत बसलेल्या बायका मी पाहिल्यात. शेजारणीने आपल्या बाळाला पाजलं की दार उघडतं. रशियात ती शेजारीण राणी झाली, एवढंच.

१७६४ मध्ये तिने पीटर्सबर्गला स्मोल्नी ही मुलींची शाळा काढली, सरकारी खर्चाने चालणारी रशियातली पहिली. १७८३ मध्ये दाश्कोवा या बाईला विज्ञान अकादमीची प्रमुख केलं. नातू अलेक्झांडर झाला तेव्हा तान्ह्या बाळाला रडू न आणता चटकन घालता येईल असं झबलं स्वतः बेतलं आणि त्याचा नमुना स्वीडनच्या राजाला पाठवला! पॉल हातचा गेला होता, तर हा नातू तिने आईबापांकडून काढून आपल्याजवळ वाढवला. तिच्यावर झालं तेच तिने सुनेवर केलं. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको.

आता नकाशाकडे येते. तिच्या चौतीस वर्षांत रशियाला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख मिळाला. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. तुर्कांशी दोन युद्धं करून ती काळ्या समुद्राला भिडली. १७८३ मध्ये क्रिमिया घेतला. खेरसन, सेवास्तोपोल, ओडेसा ही शहरं तिच्या काळातली. ही नावं आपल्याला २०२२ नंतर टीव्हीवर पाठ झाली. युक्रेनमध्ये मेडिकल शिकणारी आपल्याकडची मुलं त्या युद्धात अडकली होती, तेव्हा किती घरांत रात्री झोप नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओडेसाच्या लोकांनी कॅथरीनचा पुतळा उतरवला. इकडे ती मोठी, तिकडे ती आक्रमक.

पोलंडचं तर विचारूच नका. स्टॅनिस्लाव पोन्यातोव्स्की हा तरुणपणी तिचा प्रियकर होता. १७६४ मध्ये तिने त्यालाच पोलंडच्या गादीवर बसवलं. आणि १७७२, १७९३, १७९५ अशा तीन घासांत, प्रशिया आणि ऑस्ट्रियाला सोबत घेऊन, तिने त्याचा देशच संपवला. त्याला गादी सोडायला लावली. खेळात असा मुलूख घेतला की एक रंग जातो, दुसरा येतो. तिथली माणसं सव्वाशे वर्षं आपल्या देशाची वाट बघत राहिली.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. रशियात तेव्हा बहुसंख्य शेतकरी जमीनदारांचे भूदास होते, विकत घेता-देता येणारे. दार्या साल्तिकोवा नावाची एक विधवा जमीनदारीण आपल्या भूदासांना मारून मारून जिवे घ्यायची, त्यातही बायका-मुलींना जास्त. तिच्या वजनापुढे तक्रारी दाबल्या जात. येर्मोलाय इल्यिन या भूदासाच्या एकामागून एक तीन बायका तिने मारल्या. १७६२ मध्ये तो आणि त्याचा एक सोबती जिवावर उदार होऊन नव्या राणीपर्यंत अर्ज घेऊन पोचले. कॅथरीनने चौकशी लावली. सहा वर्षं चालली. ३८ खून सिद्ध झाले. १७६८ मध्ये साल्तिकोवाला मॉस्कोत भर चौकात गळ्यात पाटी बांधून उभं केलं आणि जन्मभर कैदेत टाकलं.

मग १७६७ मध्ये, म्हणजे हा खटला चालू असतानाच, याच राणीने हुकूम काढला की भूदासांनी मालकाविरुद्ध तक्रारअर्ज करायचा नाही. केला तर फटके आणि काळं पाणी. ज्या दारातून इल्यिन आला, ते दारच तिने बंद केलं. जमीनदारांच्या जिवावर तिची गादी उभी होती, त्यांना दुखवणं तिला परवडणारं नव्हतं. बायकांच्या तक्रारी लिहून द्यायचं काम मी करते, अर्ज स्वीकारला जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. त्यामुळे स्मोल्नीची शाळा आणि ते झबलं कितीही आवडलं तरी या हुकुमाशी मी अडते.

अर्ज बंद झाले तेव्हा बंड झालं. १७७३ मध्ये पुगाचोव्ह नावाच्या कोसॅकने मीच तो पीटर, मेलो नव्हतो, असं सांगून हजारो माणसं गोळा केली. मेलेला नवरा असा बायकोसमोर उभा राहिला. १७७५ च्या जानेवारीत मॉस्कोत त्याला मारलं. त्यानंतर तिने जमीनदारांना आणखी जवळ केलं, आणि १७८३ मध्ये युक्रेनच्या शेतकऱ्यांनाही जमिनीला बांधून टाकलं. १७९० मध्ये रादिश्चेव्हने भूदासांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, तर त्याला फाशी सुनावून मग सैबेरियाला पाठवलं. व्होल्तेअर वाचणारी हीच बाई.

१७९६ च्या सप्टेंबरमध्ये नातीचं लग्न स्वीडनच्या राजाशी ठरलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी सारा दरबार नटूनथटून ताटकळत बसला आणि मुलगा आलाच नाही. अडलं कुठे, तर मुलीने आपला ऑर्थोडॉक्स पंथ ठेवायचा, हा आजीचा हट्ट. स्वतः पंधराव्या वर्षी पंथ बदललेली आजी नातीसाठी ते कबूल करेना. त्या अपमानाने ती खचली. नोव्हेंबरात झटका आला आणि १७ तारखेला ती गेली. वय ६७.

पॉलने गादीवर येताच पहिल्या दिवसांतच बापाची शवपेटी उकरून काढली. चौतीस वर्षांपूर्वी मेलेल्या पीटरला राजमुकुट चढवला, आणि म्हातारा झालेल्या अलेक्सेई ऑर्लोव्हला त्या मिरवणुकीत चालायला लावलं. नवराबायकोला शेजारी शेजारी पुरलं, आजही दोघं पीटर्सबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये तशीच आहेत. १७२५ ते १७९६ या काळात रशियावर चार बायकांनी राज्य केलं होतं. पॉलने १७९७ मध्ये वारसाहक्काचा नवा कायदा केला: घराण्यात पुरुष शिल्लक असेपर्यंत बाईला गादी नाही. १९१७ मध्ये झारशाही संपेपर्यंत त्या गादीवर पुन्हा बाई बसली नाही.