माशांची वाट

बँकेच्या नोकरीत वाशीमला होतो, तेव्हा एका गोष्टीचे मला मोठे नवल वाटे. तिथल्या डोंगरात उगवणारी काटेपूर्णा उत्तरेला वळते आणि तिचे पाणी पूर्णा, तापी असे करीत अरबी समुद्राला मिळते. तिथलीच अडाण मात्र पैनगंगेला जाऊन गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला. माहेर एक, सासर देशाच्या दोन टोकांना! मग या नद्यांतले मासे आले कुठून?

असल्या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य वाहिले ते डॉ. सुंदरलाल होरा पंजाबचे. जन्म १८९६, हाफिजाबादचा, शिक्षण लाहोरला. तिथेच १९१९ साली प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक ॲनन्डेल यांनी त्यांना हेरले आणि संस्थेत घेतले. लगेच ते मणिपूरच्या नद्या-ओढ्यांत उतरले. उभा माणूस वाहून जाईल अशा धारेत बोटभर मासा टिकतो कसा? अंग चपटे, छातीवर खडकाला धरून ठेवणाऱ्या वळ्या. ज्याला धार सोसते तोच तिथे नांदतो, हा झाला ओढ्याचा कायदा.

पण अशाच घडणीचे त्यांचे भाऊबंद सह्याद्रीतही निघाले आणि मधल्या विस्तीर्ण सपाटीवर त्यांचा पत्ता नाही. नुसती धार आहे म्हणून मासा उगवत नाही, तो कुठून तरी यावा लागतो. होरांनी वाट दाखवली ती सातपुड्याची. कधीकाळी विंध्य-सातपुड्याच्या ओढ्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या सरकत, हे मासे आसामकडून सह्याद्रीत उतरले असावेत. सालिम अलींनीही १९४९ साली पक्ष्यांच्या अंगाने ही वाट तपासली.

मध्यंतरी युद्ध आले. संस्थेचा संग्रह काशीला हलवला, तर १९४३ साली वरुणेला पूर आला आणि बरेच नमुने खराब झाले. माशांना पाण्यानेच बुडवावे! १९४७ साली होरा संचालक झाले, त्याच वर्षी त्यांचे हाफिजाबाद पाकिस्तानात गेले. १९५५ साली, साठीच्या आतच, ते वारले.

पुढे जनुकांचा अभ्यास झाला आणि सगळे एकाच काळी, एकाच वाटेने आले नाहीत असे दिसू लागले. होरांचे उत्तर अपुरे ठरले. प्रश्न मात्र पक्का होता, असे मला वाटते.

१९३८ साली त्यांनी मिश्रा यांच्यासह देवळालीच्या दारणा नदीतल्या एका इवल्या माशाचे प्रथम वर्णन केले. तो आता अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे.