डब्यातून निसटणाऱ्या टॅरंटुलाचा मूळ पत्ता लिहून ठेवणारे रेजिनाल्ड पोकॉक

हातावर केसाळ, तळव्याएवढा कोळी घेऊन बसलेल्या माणसाचे रील्स आता अकोला-अमरावतीतल्या मोबाइलवरही फिरतात. त्याच्या मागोमाग दुसऱ्या प्रकारचे व्हिडिओ येतात. डब्याचं झाकण उघडं, डबा रिकामा आणि घरातली मंडळी खाटेवर पाय वर घेऊन बसलेली.

यातल्या भारतीय टॅरंटुलांची शास्त्रीय नावं शोधलीत, तर बऱ्याच नावांच्या शेवटी एकच आडनाव दिसेल. पिसिलोथेरिया रेगॅलिस, पोकॉक, १८९९. पिसिलोथेरिया मेटॅलिका, पोकॉक, १८९९. किलोब्रॅकिस फिंब्रिएटस, पुन्हा पोकॉक, पुन्हा १८९९. एखाद्या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा ज्याने छापलं, त्याचं नाव आणि साल असं मागे लावायची पद्धत आहे.

तर हे पोकॉक कोण?

रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनचा. वडील पाद्री. ऑक्सफर्डच्या शाळेत असताना पोराला किड्यामुंग्यांचा नाद लागला. पुढे कीटकशास्त्रात मोठं नाव झालेले एडवर्ड पौल्टन यांची शिकवणी मिळाली आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयात हाडं-सांगाडे बघत हिंडायची मोकळीकही मिळाली. मग ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जीवशास्त्र आणि भूगर्भशास्त्र झालं आणि १८८५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सहायकाची नोकरी लागली.

तिथे वर्षभर कीटक विभागात काढल्यावर त्यांच्या वाट्याला आला कोळी, विंचू आणि गोम यांचा विभाग. पोकॉक यांनी हा विभाग अंगावर घेतला आणि पुढच्या १८ वर्षांत सुमारे २०० शोधनिबंध लिहिले. एकट्या वाणींच्याच, म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या त्या शेकडो पायांच्या किड्यांच्या, तीनशेहून जास्त नव्या जाती त्यांनी लिहिल्या.

त्या काळी भारतातून लंडनला कोळी जायचे ते दारूच्या अर्कात बुडवलेले. इथले हौशी निसर्गप्रेमी बाटली भरायचे, वर चिठ्ठी लावायचे आणि बोटीने पाठवायचे. या सगळ्यांना बांधून ठेवणारी संस्था म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. पोकॉक यांनी १८९९ मध्ये भारतीय कोळी-विंचवांच्या कितीतरी नव्या जातींची वर्णनं याच संस्थेच्या जर्नलमध्ये छापली. त्यातल्या एका टॅरंटुलाला संस्थेचे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचं नाव दिलं, प्लेसिओफ्रिक्टस मिलार्डी. हे मिलार्ड म्हणजे तेच, ज्यांच्याकडे लहानगा सलीम अली मारलेली चिमणी ओळखून घ्यायला गेला होता.

१९०० मध्ये पोकॉक यांचं मोठं पुस्तक आलं. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या सरकारी ग्रंथमालेतला कोळी, विंचू आणि त्यांच्या भाऊबंदांवरचा खंड. भारतीय टॅरंटुलांवर काम करणाऱ्याला आजही या खंडाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आता यात पाळीव कोळ्याचा आणि डब्याचा संबंध कुठे आला?

संबंध पत्त्याचा आहे. बाटलीवरच्या चिठ्ठीत कोळी कुठे सापडला ते लिहिलेलं असायचं. झाडाच्या ढोलीत की जमिनीतल्या बिळात, हा टॅरंटुलाच्या बाबतीत फार मोठा फरक आहे. पिसिलोथेरिया कुळातले कोळी झाडावर राहणारे. ढोलीत, सुटलेल्या सालीखाली. अंग चपटं, रंग झाडाच्या सालीत मिसळणारा आणि वेग असा की डोळ्याची पापणी लवेपर्यंत हाताच्या दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रात सापडणारा किलोब्रॅकिस मात्र बीळ करून राहणारा. बिळाच्या तोंडाशी दाट जाळं विणतो आणि डिवचला तर जागा सोडायच्या आधी अंगावर येतो. या गटातले काही कोळी तोंडाजवळचे अवयव एकमेकांवर घासून आवाजही काढतात. कोळ्यांच्या या वाजंत्रीवर पोकॉक यांनी १८९५ मध्ये खास लेख लिहिला होता.

पण पत्ता चुकला तर काय होतं, याची गोष्टही पोकॉक यांच्याच कामात आहे. गर्द निळ्या रंगाचा पिसिलोथेरिया मेटॅलिका, ज्याच्यासाठी जगभरचे शौकीन वेडे होतात, तो त्यांच्याकडे आला तेव्हा पत्ता होता गुत्ती. आजच्या आंध्र प्रदेशातलं हे रेल्वेचं गाव. कोळी सापडला होता रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. लोकांनी नंतर गुत्तीला शोधलं, पण कोळी काही मिळेना. अखेर २००१ मध्ये, म्हणजे १०२ वर्षांनी, तो सापडला नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, गुत्तीपासून कितीतरी लांब. बहुधा ढोलीत बसलेला कोळी तोडलेल्या ओंडक्यासोबत मालगाडीने वखारीत आला असावा. झाडावरचा टॅरंटुला लाकडाच्या फटीत बसून कुठवर जाऊ शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण. मग घरातल्या कपाटामागची फट ती काय!

डब्यांचं गणित इथूनच सुरू होतं. बरेच नवखे लोक फरसाणाच्या बरणीत भोकं पाडून कोळी ठेवतात. काच गुळगुळीत आहे, चढणार नाही, असं त्यांना वाटतं. टॅरंटुलाच्या पायांच्या टोकाला इतक्या बारीक केसांच्या गाद्या असतात की तो काचेवर सरळ चढतो. झाडावरच्या जातीला उंच पेटी लागते आणि दार समोरून लागतं. कारण तो जाळं वरच्या कोपऱ्यात, झाकणाला लागूनच विणतो. वरून झाकण उघडलं की त्याचं घर फाटतं आणि तो थेट तुमच्या मनगटावर येतो. निसटण्याच्या घटना खाणं-पाणी देतानाच घडतात त्या अशा.

बिळातल्या जातीचं उलटं. तिला उंची नको, माती हवी. पेटीत खालून भरपूर दाबलेली माती आणि वर थोडीच मोकळी जागा, म्हणजे कोळी चढला तरी पडण्याइतकी उंची राहत नाही. टॅरंटुलाचं पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखं असतं, हातभर उंचीवरून पडला तरी फुटून मरू शकतो.

भोकांचं काय? पोट मऊ असल्यामुळे ते दाबून कुठूनही निघतं. अडतो तो फक्त पुढचा कडक भाग, जिथून पाय फुटतात. हवेचं प्रत्येक भोक त्या कडक भागापेक्षा लहान हवं. नखाएवढं पिल्लू असेल तर टाचणीने पाडलेली भोकंच बरी. झाकणाला प्लॅस्टिकची मच्छरजाळी लावणं तर साफ चूक, ती कोळी कुरतडतो, आणि तारेच्या जाळीत त्याच्या पायाची नखं अडकून पाय तुटतो. झाकण नुसतं टेकवलेलं नको, कडी हवी. मोठी मादी हलकं झाकण आतून सहज ढकलते. वयात आलेला नर तर मादीच्या शोधात रात्रभर पेटीचे कोपरे चाचपत फिरतो, तेव्हा त्याच्या पेटीची कडी रोज तपासायची.

निसटलाच तर? दारं बंद करायची, फटींना कपडा लावायचा आणि रात्री बॅटरी घेऊन शोधायचं, कारण तो फिरतो रात्री. पडद्याची वरची घडी, कपाटामागची भिंत, चपला, अडगळ आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात विशेषकरून मोरी आणि माठाखालची ओल. दिसला की वरून भांडं ठेवायचं, खालून पुठ्ठा सरकवायचा. हाताने धरायचं नाही. अमेरिकेतले टॅरंटुला अंगावरचे खाजरे केस उडवून भागवतात, आपल्याकडच्या जातींकडे ते केस नाहीत, त्यांच्याकडे आहे वेग आणि चावा. पिसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस मेल्याची नोंद नाही, पण स्नायूंना गोळे येऊन दिवसचे दिवस हैराण झाल्याच्या नोंदी आहेत. चावलाच तर दवाखाना गाठायचा.

इकडे पोकॉक यांच्या आयुष्याने १९०४ मध्ये वळण घेतलं. बाटल्यांतले मेलेले प्राणी सोडून ते जिवंत प्राण्यांकडे गेले. लंडन झूचे ते सुपरिंटेंडंट झाले आणि १९२३ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. १९११ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलोही झाले.

त्यांच्या काळात प्राण्यांना ठेवायची पद्धतच बदलत होती. १९०७ मध्ये जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारं उघडली होती. प्राणी किती लांब उडी मारतो हे माहीत असेल तर गज लागत नाहीत, असा हिशोब. लंडनमध्ये १९१४ ला माप्पिन टेरेसेस ही कृत्रिम डोंगररांग याच विचारातून उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी जेम्स केयर्ड यांच्या देणगीतून कीटकांसाठी नवं घर झालं होतं. माप्पिन टेरेसेसचं श्रेय मुख्यतः संस्थेचे सचिव चामर्स मिचेल यांना जातं, आणि ते त्यांना द्यायलाच हवं.

महाराष्ट्राशी पोकॉक यांचा धागा मात्र सुटला नाही. १९१० मध्ये कोल्हापुरात बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकरातून दोन पिल्लं झाली. एक अडीच महिन्यांचं होऊन मेलं. त्याचं कातडं मिलार्ड यांनी लंडनला पाठवलं आणि १९१२ मध्ये पोकॉक यांनी त्याचं वर्णन छापलं. जगाच्या नोंदीत आलेला हा पहिला लिओपॉन.

त्याच सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतभर सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. पहिला अहवाल खानदेशाचा होता, दुसरा वऱ्हाडाचा. सी. ए. क्रम्प नावाच्या संग्राहकाने १९१२ च्या आसपास आपल्या भागात फिरून नमुने गोळा केले. पाहणीतल्या अशा नमुन्यांचा मोठा साठा लंडनच्या म्युझियममध्ये गेला. झूमधून निवृत्त झाल्यावर पोकॉक तिथेच परतले, पगाराशिवाय, आणि सस्तन प्राण्यांच्या विभागात बसून हेच नमुने तपासू लागले. वाघावर १९२९ मध्ये, सिंहावर आणि बिबट्यावर १९३० मध्ये त्यांचे निबंध पुन्हा मुंबईच्याच जर्नलमध्ये आले.

सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध जाहीर झालं आणि लंडन झूने आपले विषारी प्राणी मारून टाकले. बॉम्ब पडला, काच फुटली आणि साप शहरात सुटले तर काय, ही भीती. पुढच्या वर्षी झूवर खरंच बॉम्ब पडले आणि एक झेब्रा निसटून रस्त्यावर धावत सुटला. ज्या झूची पोकॉक यांनी १९ वर्षं राखण केली, तिथल्या सुरक्षित पिंजऱ्याचा हिशोब शेवटी असा मांडला गेला. पोकॉक तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि भारताच्या सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा पहिला खंड त्याच वर्षी छापून आला होता.

त्यांनी नाव दिलेल्या कोळ्यांचं पुढे काय झालं? निळा मेटॅलिका आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. राहायला जंगलाचा एक तुकडा, तोही तोडीखाली. २०१९ मध्ये पिसिलोथेरियाचं अख्खं कुळ सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. २०२२ च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव कायद्यातही सायटिसच्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, आणि असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली. मेळघाटातून कोळी उचलून आणायचा विचार असेल तर तो व्याघ्र प्रकल्प आहे, विषय तिथेच संपतो. बाहेरून मागवणाऱ्यांचं काय होतं ते चेन्नईत जुलै २०२१ मध्ये दिसलं. पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलमध्ये कस्टम्सला १०७ जिवंत कोळी सापडले, छोट्या छोट्या बाटल्यांत भरलेले.

कोळ्यांचा नाद असेल तर वऱ्हाडात दुसरा रस्ताही आहे. दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांवर संशोधन चालतं आणि कोळी-अभ्यासकांची इंडियन सोसायटी ऑफ अरॅक्नॉलॉजी ही संस्था अमरावतीचीच. तिथे कोळी बघायला डबा लागत नाही.

पोकॉक यांचा दुसरा खंड १९४१ मध्ये आला. ९ ऑगस्ट १९४७ ला, भारत स्वतंत्र व्हायला सहा दिवस असताना, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ग्रंथमालेचा तिसरा खंड उंदीर-खारींवरचा होता. तो पूर्ण केला जे. आर. एलरमन यांनी, आणि तो छापून यायला १९६१ साल उजाडलं.