विटाळाची धास्ती

विरारच्या आमच्या बचत गटातली एकजण सारखी हात धूत असते. बाकीच्या हसतात, मला मात्र लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७च्या बंडात आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात विटाळाची धास्तीच बसली. बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुवून घ्यायचं! त्यात सगळं घर पिळून निघालं. लक्ष्मीबाईंनाही सोवळं सोडणं जड गेलं. १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या खचल्या. पण विटाळाची भीती हळूहळू सुटली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’त हे सारं मोकळेपणाने लिहिलं. मैत्रिणींनो, अशा भीतीला हसू नका. आधी तिच्यामागचं दुःख विचारा, मग डॉक्टरकडे सोबत जा.