मेजर कँडी आणि माझी चिठ्ठी

मी इयत्ता चौथीत शिकते. इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर, व्हाय, हाउ असे प्रश्नाचे शब्द लिहून दिले. मला एक गंमत दिसली. आपले कोण, काय, कधी, कुठे, का, कसे, किती हे सगळे क पासून सुरू होतात. इंग्रजीतले डब्ल्यू-एच पासून. एकटा हाउ तेवढा वेगळा. शेवटी गुरुजींनी प्रश्नचिन्ह काढले आणि सांगितले की, हे चिन्ह आपण इंग्रजीतून घेतले. मराठीत ते रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या साहेबांना देतात. म्हणून मी त्यांचे चरित्र लिहिले आहे.

मेजर कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडात झाला. तरुणपणी ते कंपनी सरकारच्या फौजेत नोकरीला हिंदुस्थानात आले. इथे मराठी शिकले. मोल्सवर्थ साहेब तेव्हा मराठीचा कोश करत होते. कँडी व त्यांचे भाऊ जॉर्ज यांनी त्या कामाला हात लावला. जाणत्या शास्त्र्यांची मदत घेऊन शब्द जमवायचे. म्हणजे दिवसभर हे काय, ते कसे, असेच चालत असेल! कोश १८३१ साली छापला. १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द झाले. मला तर शंभर स्पेलिंगं पाठ होईनात. इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पुरा केला, तो १८४७ साली निघाला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही त्यांच्याकडे होती.

पूर्वी मोडीत लिहिताना शब्दाला शब्द चिकटून असायचा. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. वाचणाऱ्याने आपले आपण समजून घ्यायचे. कँडींनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक काढले. ते १८७७ साली वारले.

आता माझे सांगते. आमचे अण्णा उस्मानपुऱ्यात गवंड्याच्या हाताखाली कामाला आहेत. त्यांचा फोन बिघडला होता, म्हणून मायने माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि काकांजवळ दिली. आजीचा गुडघा दुखत होता. मायला विचारायचे होते की, घाटीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे का. मी का खाल्ला आणि चिन्हही दिले नाही. नुसते लिहिले, आजीला घाटीत न्यायचे. अण्णांना वाटले आजी लई सीरियस आहे. ते हातचे काम टाकून रातोरात एस.टी.ने आले. बघतात तर आजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. दोन दिवसांचा खाडा पडला. अण्णा मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मी नीट जेवले नाही.

गुरुजींना विचारले तेव्हा कळले. क चा शब्द असला तर प्रश्न आपोआप कळतो. तो नसला तर इंग्रजीत इज किंवा डू पुढे येतो. आपल्या मराठीत बोलताना आवाज वर जातो. पण कागदाला आवाज कुठून येणार? तिथे चिन्हच लागते.

परवा दुसरी चिठ्ठी दिली. पोळ्याला येणार? असे लिहून चिन्ह मोठे काढले. आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, हा इळा कशाला काढला गं, आणि खाली हा खडा कसला?