विश्लेषण : कुरणात पडलेली बोट, ५५३ डॉलर आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा… कोण होते जोशुआ स्लोकम?

जुनी छोटी बोट घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची, हा जगभरच्या दर्यावर्दींचा आवडता उद्योग. १८९२ मध्ये अमेरिकेत एका बेरोजगार कप्तानाच्या वाट्याला अशीच एक बोट आली. फरक इतकाच, की ती बंदरात नव्हती, समुद्रापासून दूर एका कुरणात होती. ‘स्प्रे’ नावाची हीच बोट पुढे एकट्या माणसाने केलेल्या पहिल्या सागरी पृथ्वीप्रदक्षिणेसाठी इतिहासात नोंदली गेली.

कप्तान बेरोजगार का होता?

जोशुआ स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशियात झाला. पोरवयातच घर सोडून ते जहाजावर गेले आणि तरुणपणीच कप्तान झाले. १८७१ मध्ये सिडनीत त्यांनी व्हर्जिनिया वॉकर यांच्याशी लग्न केले. संसार जहाजावरच थाटला गेला. १८८४ मध्ये ब्युनोस आयर्सजवळ व्हर्जिनिया यांचे निधन झाले आणि तिथून उतरती कळा लागली. १८८७ च्या अखेरीस त्यांचे ‘ॲक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटले. जहाजाचा विमा नव्हता. दुसरी पत्नी हेन्रिएटा आणि दोन मुले सोबत. स्लोकम यांनी किनाऱ्यावरच ३५ फुटी बोट बांधली आणि सगळ्यांना घेऊन अमेरिका गाठली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपल्याच्या दिवशीच, १३ मे १८८८ रोजी ती पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव ‘लिबरडाडे’, म्हणजे स्वातंत्र्य.

घरी परतले, पण काम नव्हते. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा खाल्ला होता. पन्नाशीकडे झुकलेल्या शिडाच्या कप्तानाला कोण विचारणार?

‘स्प्रे’ सापडली कुठे?

व्हेल शिकारीतून निवृत्त झालेले ओळखीचे कप्तान एबेन पियर्स यांनी स्लोकम यांना एक जहाज देऊ केले. थोडी दुरुस्ती लागेल, एवढेच सांगितले. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवनला जाऊन पाहिले, तर कुरणात टेकू देऊन, ताडपत्रीखाली झाकलेले एक जुनाट गलबत! सात वर्षे ते तसेच पडून होते. गावकऱ्यांना वाटले, हा माणूस ते मोडायला आला असणार. मोडायचे नाही, पुन्हा बांधायचे आहे, हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला, यातून सुटेल काय? या प्रश्नाला पुढचे वर्षभर कुणाकडेच उत्तर नव्हते.

दुरुस्ती की नवी बोट?

स्लोकम यांनी कुऱ्हाड घेतली आणि जवळचे एक ओकचे झाड पाडले. त्यातून बोटीचा तळकणा निघाला. कोकणातले बोटी बांधणारे याला ‘पठाण’ म्हणतात. सगळी बोट याच लाकडावर उभी राहते, त्यामुळे इथे काटकसर चालत नाही. फासळ्यांसाठीही ओकच. जाड लाकूड वाकवायचे कसे? लाकडी पेटी आणि वाफेसाठी एक भांडे, एवढीच सामग्री. पेटीत लाकूड वाफवून मऊ करायचे, ओंडक्यावर वाकवायचे आणि आकार धरेपर्यंत बांधून ठेवायचे. वरच्या फळ्या दीड इंच जाडीच्या पाइनच्या, सुमारे हजारभर बोल्टांनी आवळलेल्या. मग फळ्यांच्या फटींत आधी कापूस आणि त्यावर जुन्या दोरखंडांचे तंतू ठोकून भरले. कापूस बाहेर सरकेल, असे बघ्यांपैकी काहींना वाटत होते. तो सरकला नाही. तळाला तांब्याचा रंग, वर सफेत्याचे हात.

जुनी फळी काढायची, त्याच जागी नवी बसवायची, असे करत करत जुन्या बोटीचे जवळपास काहीच उरले नाही. मग ही ‘स्प्रे’ तीच की वेगळी? स्लोकम यांनी नाव बदलले नाही. जहाजांच्या जगात तुकड्यातुकड्याने दुरुस्त झालेले जहाज तेच मानतात, असा त्यांचा हिशेब. एकूण खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, वेळ १३ महिने. त्यात मधूनमधून पोटासाठी इतरांची कामे केली, तो वेळ वेगळाच. मजुरी स्वतःची, म्हणून हिशेबात नाही. खरे तर सगळ्यात मोठा खर्च तोच होता.

तयार बोट ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती.

बोट चालली कशी?

आधी तिच्यावर एक हंगाम मासेमारी करून पाहिली, जमली नाही. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते बॉस्टनहून एकटेच निघाले. सोबतची छोटी होडीही टाकून दिलेल्या होडीचे दोन तुकडे करून, त्यातल्या एकाला फळ्या ठोकून बनवलेली. कपडे धुवायला टब म्हणूनही तीच. महागडे क्रोनोमीटर परवडेना, म्हणून वाटेत एक डॉलरला फुटक्या तबकडीचे घड्याळ घेतले. टिएरा डेल फ्यूगोच्या पाण्यात रात्री हल्ल्याची भीती होती, तेव्हा डेकवर टोकदार चुका पसरून ते निर्धास्त झोपले.

लांब तळकणा आणि शिडांचा नेमका तोल यामुळे सुकाणू बांधून ठेवले तरी ‘स्प्रे’ आपली दिशा सोडत नसे. ऑस्ट्रेलियाजवळच्या थर्सडे आयलंडपासून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांत, २३ दिवसांत, त्यांना सुकाणू जेमतेम तीन तास धरावे लागले. २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला पोहोचले. प्रवास झाला सुमारे ४६,००० मैलांचा. (भारतीयाने एकट्याने ही प्रदक्षिणा पूर्ण करायला २०१० उजाडले. नौदलाचे दिलीप दोंदे, बोट गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’.)

त्यानंतर काय झाले?

काही दिवसांतच ते ‘स्प्रे’ घेऊन फेअरहेवनला गेले आणि ती पहिल्यांदा पाण्यात उतरताना जिथे बांधली होती, त्याच खुंटाला बांधली. १९०० मध्ये प्रवासाचे पुस्तक आले आणि खूप वाचले गेले. त्या पैशातून त्यांनी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले, पण जमिनीवर त्यांचा जीव रमला नाही. उत्तरायुष्यावर एक काळा डागही आहे : १९०६ मध्ये न्यू जर्सीत १२ वर्षांच्या मुलीशी गैरवर्तनाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, त्यांनी आरोपाला आव्हान दिले नाही आणि ते ४२ दिवस तुरुंगात होते.

या वर्षांत बोटीची देखभालही सुटत गेली. दोर झिजले, डागडुजी लांबणीवर पडली. अखेर हिवाळ्याच्या तोंडावर ते दक्षिणेकडे निघाले, त्यानंतर ना माणूस दिसला, ना बोट. १९२४ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले आणि मृत्यूची तारीख १४ नोव्हेंबर १९०९ धरली. आयुष्य समुद्रावर काढलेल्या या कप्तानाला पोहता येत नव्हते.