वेगाला वेसण घालणारे टीटर

परभणी-जिंतूर रस्त्यावर नव्या मोटारीने ताशी 80 किलोमीटरचा वेग ओलांडला की इशारा वाजू लागतो. 1 जुलै 2019 पासून भारतात ही सोय सक्तीची झाली. चालकाला वेगाची जाणीव करून देण्याची ही कल्पना मात्र जुनी आहे आणि तिच्या मुळाशी राल्फ टीटर हे अंध अभियंते आहेत.

1890 मध्ये अमेरिकेतील हॅगर्सटाउन येथे जन्मलेल्या टीटर यांची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात गेली. तरीही 1912 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. बोटांचा स्पर्श हीच त्यांची दृष्टी होती. 1936 मध्ये ते मोटार अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले.

त्यांचे वकील मोटार चालवताना बोलू लागले की वेग मंदावे, ऐकू लागले की वाढे. या हिसक्यांना कंटाळून टीटर यंत्राच्या मागे लागले, असे सांगतात. 1950 मध्ये त्यांना स्वामित्वहक्क मिळाला. ठरवलेला वेग गाठताच अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल पायाला विरोध करी. निकड असल्यास ते जोराने दाबता येई. 1958 च्या क्रायस्लर मोटारींत हे यंत्र आले. गंमत अशी, की वेग रोखण्यासाठी योजलेले साधन लोकांनी वेग टिकवण्यासाठी आपलेसे केले. 'क्रूझ कंट्रोल' हे नावही त्यालाच मिळाले. टीटर 1982 मध्ये निवर्तले.